कालव्याकाठून : दहा मिनिटं

मंडळी, गेल्या वर्षीच्या दिवाळी अंकात हे सदर नव्हतं. संपादकांनी दोनदा आठवण केली, पण मी कऱ्हाडजवळ आमच्या गावी दादाच्या उशाशी बसलो होतो आणि माझी बोट इकडे मिल्टन कीन्सजवळ ग्रँड युनियन कालव्यात एकटी उभी होती. बोट कशी आहे, अजून तरंगते ना, असं पुष्कळांनी विचारलं. तरंगते. पण तिच्या इंजिनाची एक गोष्ट सांगायची राहिली आहे. ती सांगताना मला थोडी लाजही वाटते, म्हणूनच यंदा तीच सांगतो.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात ओळख. ‘कृष्णाई’ ही नॅरोबोट आहे, म्हणजे जेमतेम सात फूट रुंदीची, जुन्या अरुंद लॉकमधून जाईल अशी लांबुळकी लोखंडी बोट. तिचा वेग माणसाच्या चालण्याएवढा. तिच्या पोटात लिस्टर कंपनीचं एसआर-टू नावाचं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन आहे. ग्लॉस्टरशरमधल्या डर्स्ली गावच्या या कंपनीची इंजिनं एकेकाळी जगभरच्या शेतांवर धडधडत होती. माझं इंजिन हवेवर थंड होतं, त्याला रेडिएटर नाही. किल्लीने सुरू होतं, आणि बॅटरी दगा देईल तेव्हा हँडल मारूनही. विकत घेताना माझा जीव जडला तो या हँडलवर. लहानपणी आमच्या विहिरीवर किर्लोस्करचं इंजिन होतं, त्याचं हँडल मारायला मिळावं म्हणून मी दादाच्या मागे मागे फिरायचो.

मागच्या वर्षी जानेवारीत पहाटे वहिनीचा फोन आला. दादाला अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचाही अडखळली. तिसऱ्या दिवशी मी विमानात होतो. निघायच्या आधी बोटीची किल्ली आमच्या डॉक्टरांच्या हातात दिली. डॉक्टर म्हणजे मंडळातले सगळ्यांचे डॉक्टर. वय सत्तरीच्या पुढे, निवृत्त, कालव्यापासून वीस मिनिटांच्या अंतरावर राहणारे. त्यांना म्हटलं, “डॉक्टर, इंजिन बंद पडून राहिलं की बिघडतं. दर पंधरा दिवसांनी फक्त दहा मिनिटं चालू करा. बाकी काही नको.”

“दहाच मिनिटं ना? चालायला जातोच मी,” डॉक्टर म्हणाले.

दोन महिन्यांत परतेन असं वाटलं होतं. चौदा महिने लागले.

यंदाच्या मार्चमध्ये परत आलो. दुसऱ्याच दिवशी डॉक्टर मला बोटीवर घेऊन गेले. त्यांनी खिशातून एक छोटी वही काढली. चौदा महिन्यांच्या तीस नोंदी होत्या, एकही चुकलेली नाही. तारीख, वेळ, आणि पुढे त्या प्रसिद्ध डॉक्टरी अक्षरात : “सुरू केलं. १० मि. आवाज ठीक.” एका नोंदीसमोर लिहिलं होतं, “बर्फ. बस नाही. चालत आलो.”

मी सवयीने डिपस्टिक काढली. तेल खुणेच्या वर होतं, चांगलं दोन सूत वर. जाताना मी बरोबर खुणेवर ठेवलं होतं. इंजिन तेल खातं हे सगळ्यांना माहीत असतं, पण तेल वाढतं कसं? काठी नाकाला लावली तर डिझेलचा वास. मग तेल भरायचं झाकण उघडलं. आतल्या बाजूला पांढरट पिवळा साय धरल्यासारखा थर होता, ताज्या लोण्यासारखा.

“काय म्हणतंय पेशंट?” डॉक्टरांनी विचारलं.

“छान आहे,” मी म्हणालो. झाकण लावून टाकलं.

हे असं का झालं ते आधी सांगतो, कारण ते मलाही तोवर नीट माहीत नव्हतं. डिझेल जळतं तेव्हा त्यातून पाणी तयार होतं. एक लिटर डिझेल जळलं की जवळपास तेवढंच पाणी वाफ होऊन निघतं. इंजिन तापलेलं असेल तर ही वाफ धुराड्यातून निघून जाते. इंजिन गार असेल तर त्यातली काही पिस्टनच्या कडेने खाली तेलाच्या टाकीत उतरते आणि गार भिंतींवर पाणी होऊन बसते. थंड तेल आणि पाणी घुसळलं गेलं की ते लोणी तयार होतं. शिवाय गार इंजिनात डिझेल पूर्ण जळत नाही. न जळलेलं डिझेलही त्याच वाटेने खाली येतं आणि तेल पातळ करतं. पाणी, काजळी आणि जळणातली आम्लं असं सगळं मिसळलेलं ते पातळ तेल मग पंधरा दिवस बेअरिंगांवर बसून राहतं. त्यानंतर पुन्हा दहा मिनिटं, पुन्हा तोच प्रसाद.

दहा मिनिटांत इंजिनाचा आवाज ठीक येतो. वरचा पत्रा हाताला कोमट लागतो. आतलं तेल मात्र तापलेलं नसतं, आणि तेल चांगलं तापल्याशिवाय त्यातलं पाणी उडून जात नाही. ओझं न देता नुसतं फडफडत ठेवलं तर आणखी एक दुखणं : सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर तेल धरून ठेवण्यासाठी मुद्दाम बारीक तिरकस ओरखडे असतात, ते भरून निघतात आणि भिंत आरशासारखी गुळगुळीत होते. मग तेल तिथे टिकत नाही आणि रिंगा नीट बसत नाहीत. म्हणजे ज्या वंगणासाठी एवढा खटाटोप, तेच जागेवरून जातं.

हिशेब केला तर तीस वेळा दहा मिनिटं म्हणजे चौदा महिन्यांत पाच तास. हे पाच तास एका दिवशी सलग, बोट कालव्यातून नेऊन चालवले असते, तर इंजिनाने आशीर्वाद दिला असता.

मेकॅनिकने दोन्ही सिलिंडर उतरवले. एकाची भिंत लखलखीत होती, तीत तोंड दिसावं इतकी. दुसऱ्यात गंजाचा करंगळीएवढा पट्टा. बंद इंजिनात एखाद्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि धुराड्यातून बाहेरची दमट हवा थेट आत येते, त्याचा हा परिणाम. त्याने तेल बोटांवर चोळून पाहिलं आणि विचारलं, “मधूनमधून कोणी थोडा वेळ चालू करत होतं का?”

“नाही,” मी म्हणालो. महिन्याभरातलं माझं हे दुसरं खोटं.

तिसरं पाडव्याच्या कार्यक्रमात झालं. श्रीखंडाच्या रांगेत डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना सांगितलं, “ह्याचं इंजिन मी चौदा महिने जिवंत ठेवलं बरं का!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. डॉक्टर इतके खुलले होते! काकू गेल्यापासून त्यांना कोणी इतकं खुललेलं पाहिलं नव्हतं. आता खरं सांगून काय मिळणार? सिलिंडर तर घासायला गेलेच होते. पैसे माझे, बोट माझी.

पण त्याच रांगेत मंडळातलं एक तरुण जोडपं उभं होतं. ते सहा आठवडे पुण्याला जाणार होते. डॉक्टर त्यांना म्हणाले, “गाडीची किल्ली माझ्याकडे द्या. दर आठवड्याला दहा मिनिटं सुरू करीन. अनुभव आहे मला.” त्यांनी आनंदाने किल्ली काढून दिली.

त्या रात्री झोप आली नाही. माझ्या एका चुकीच्या वाक्याला आता पाय फुटले होते.

इथे मला थोडं मागे, गावाकडे जावं लागेल.

दादा दोन महिन्यांनी खुर्चीत बसायला लागला. बोलणं तुटक, एकेक शब्द शोधून. एका शनिवारी सकाळी तो डाव्या हाताने सारखा शेताकडे बोट दाखवत होता. “शनिवार... इंजिन...” वहिनीला कळलं. म्हणाली, “भावजी, दर शनिवारी मारुतीला तेल घालून आले की हे विहिरीवर जातात, इंजिनालाही तेल घालायला. दोन महिने चुकलंय, ते डोक्यात घेऊन बसलेत.”

विहिरीवर विजेची मोटर येऊन कित्येक वर्षं झाली. इंजिन पत्र्याच्या खोलीत नुसतं उभं होतं. मला वाटलं होतं, एव्हाना गंजून एकजीव झालं असेल. खोलीचं दार उघडलं तर ते पुसून ठेवलेलं, धुराड्यावर पालथा डबा, आणि गेल्या दसऱ्याच्या झेंडूची वाळलेली माळ. मी दादाला चाकाच्या खुर्चीतून बांधापर्यंत ढकलत नेलं होतं. त्याने डाव्या हाताने सगळं दाखवलं. आधी व्हॉल्व्हच्या दांड्यांवर तेलाचे चार थेंब. मग डिझेलचा खटका बंद. मग वरचा, सिलिंडरचा दाब सोडणारा खटका उभा. मग हँडल. मी फिरवलं. चाक लोण्यातून फिरल्यासारखं हलकं फिरलं, आतून तेलाचा ओला आवाज आला. वीस-पंचवीस फेरे झाल्यावर मला हुरूप आला आणि मी म्हटलं, “दादा, सुरू करून बघू का जरा? दहा मिनिटं?”

दादाने जोराने मान हलवली. तो शब्द गोळा करत होता. बराच वेळ गेला.

“नुसतं फिरवायचं. पेटवायचं न्हाई,” तो म्हणाला. मग थांबून, “पेटवलं... तर रान भिजवूनच... बंद करायचं.”

हे आमच्या वडिलांचं वाक्य. मला आठवत नव्हतं, दादाला होतं. उन्हाळ्यात मोटरची वीज गेली की दादा इंजिन पेटवायचा आणि मग दोन-तीन तास उसाला पाणी पाजूनच बंद करायचा. उरलेल्या शनिवारी हँडलने नुसतं फिरवायचं. न पेटवता फिरवलं की तेलाचा पंप फिरतो, बेअरिंगांना, पिस्टनला नवी ओल मिळते, पण जळत काहीच नाही, म्हणून पाणी नाही, काजळी नाही. ही दोनच माणसं, एक सातवी पास आणि एक दहावी नापास, चाळीस वर्षं बरोबर करत आली. मी इंजिनिअर. मी तिथे उभा राहून हे ऐकलं, मान डोलावली, आणि तरीही डॉक्टरांना फोन करून “थांबा” म्हणायचं मला सुचलं नाही. गावचं इंजिन वेगळं, इंग्लंडमधलं वेगळं, असंच कुठेतरी डोक्यात होतं.

आणखी एक गोष्ट मला तिथे चौदा महिने खुपत राहिली. मी इकडे आल्यापासून दर रविवारी दादाला फोन करत आलो. एकतीस वर्षं, सहसा न चुकता. “कसा हाईस?” “बरा हाय. तू?” “मजेत. पाऊस?” “झाला.” दहा मिनिटं. मला वाटायचं, आमचं बरं चाललंय. त्याच्या उशाशी बसल्यावर कळलं की त्याला सहा वर्षांपासून रक्तदाबाचा त्रास होता आणि गोळ्या तो मनाला येईल तेव्हा घ्यायचा. वरच्या वावराचा वाद कोर्टात गेला होता. पुतण्याने एक नोकरी सोडून दुसरी धरली होती आणि मधले आठ महिने घरी बसून होता. यातलं काहीच दहा मिनिटांत आलं नव्हतं. येणारही नव्हतं, कारण दोघेही गार असतानाच फोन ठेवला जायचा. आवाज मात्र ठीक यायचा.

तर पाडव्यानंतरच्या सोमवारी मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी चहा टाकला. मी त्यांची वही टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. डिपस्टिक, लोणी, आरसा, गंज, मेकॅनिकचा प्रश्न, श्रीखंडाची रांग. डॉक्टर ऐकत राहिले. चहा उतू गेला तरी उठले नाहीत. मग वही उघडून त्यांनी एकेक पान उलटलं. बर्फाच्या दिवसाच्या नोंदीवर थोडे थांबले.

“म्हणजे मी न जाता घरी बसलो असतो तर बरं झालं असतं,” ते म्हणाले.

मला उत्तर सुचेना.

मग ते एकदम म्हणाले, “अरे, पण मी औषध चुकवलं नाही. लिहून दिलेला डोस तंतोतंत दिला. चिठ्ठी कोणाची होती?”

“माझी.”

“मग दंड तुला.” ते हसले, पण डोळे पुसायला चष्मा काढला. मग लगेच त्या जोडप्याची किल्ली खिशातून काढून टेबलावर ठेवली. “आणि हिचं काय करायचं ते आत्ता सांग. नीट सांग.”

त्यांना सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो, कारण आपल्यापैकी निम्मे लोक डिसेंबरात भारतात जातात आणि शेजाऱ्याला गाडीची किल्ली देऊन जातात. गाडी बंदच राहू द्या, बॅटरीला चार्जर लावा. ते जमत नसेल तर शेजाऱ्याला सांगा, विमा बघून, गाडी रस्त्यावर काढा आणि चांगली अर्धा-पाऊण तास पळवून आणा. दारात उभी करून दहा मिनिटं घुरघुरवू नका.

बोटवाल्यांसाठी जरा सविस्तर. थंडीत बोट बांधून ठेवायच्या आधी तेल बदला, वसंतात नव्हे. जुनं घाणेरडं तेल हिवाळाभर आत ठेवायचं आणि मार्चमध्ये नवं भरायचं, हे मळक्या अंगाने झोपून सकाळी आंघोळ करण्यासारखं. आधी बोट तासभर कालव्यातून न्या, इंजिन ओझ्याखाली खरोखर तापू द्या, आणि तेल गरम असतानाच काढा, म्हणजे गाळ त्याच्याबरोबर येतो. फिल्टर बदला. नवं तेल घालून ते सगळीकडे पोचेपर्यंत थोडा वेळ चालवा. हेच ते शेवटचं चालवणं. माझ्यासारख्या जुन्या इंजिनाला त्याच्या पुस्तकातलं साधं तेलच घाला, महागडं सिंथेटिक नको. डिझेलची टाकी काठोकाठ भरा, रिकाम्या जागेत दव धरतं आणि डिझेलखाली साचलेल्या पाण्याच्या कडेला जंतू वाढतात. इंजिन गार झालं की हवा आत घेणारं तोंड आणि धुराडं झाका, आणि किल्लीला लाल चिठ्ठी बांधा की तोंडं झाकली आहेत, सुरू करू नये. पंख्याचा दांडा जिथून बोटीबाहेर जातो तिथला ग्रीसचा स्क्रू थोडा पिळून ठेवा, नाहीतर थेंब थेंब पाणी आत येतं.

मग दर दोन-तीन आठवड्यांनी डिझेल बंद, दाबाचा खटका वर, आणि हँडलने वीस-तीस फेरे. दर वेळी चाक वेगळ्या जागी थांबवा, म्हणजे तोच व्हॉल्व्ह सारखा उघडा राहत नाही. हँडल नसलेल्या इंजिनात स्टॉपचं बटण दाबून धरून स्टार्टरने थोडं थोडं फिरवता येतं. पण समुद्राच्या पाण्यावर थंड होणारं इंजिन असेल तर जपून. ते न पेटता जास्त फिरवलं की पंप सायलेन्सर पाण्याने भरतो आणि पाणी उलटं सिलिंडरात शिरतं. तिथे आधी माहितगाराला विचारा.

घड्याळं एक तास मागे जातात तो ऑक्टोबरचा शेवटचा रविवार दिवाळीच्या आगेमागेच येतो. यंदा तेल बदलायला मी एकटा गेलो नाही, डॉक्टर बरोबर होते. आम्ही ‘कृष्णाई’ला दीड तास फिरवून आणलं. लॉकचे दरवाजे डॉक्टरांनी पाठ लावून ढकलले. गरम काळं तेल डब्यात पडत असताना ते म्हणाले, “हे इंजिनाचं अभ्यंगस्नान. नरकासुर तो बघ, डब्यात.” नवं तेल मधासारखं पिवळं होतं.

दादाला आता रविवारी मी तासभर फोन करतो. व्हिडिओवर, समोर चहा घेऊन. पहिली दहा मिनिटं पूर्वीसारखीच जातात. पाऊस, ऊस, गुडघा. त्यानंतर खरं बोलणं सुरू होतं. त्याचे शब्द अजून अडखळतात, मी वाट बघतो. वरच्या वावरावरून आमचं मागच्या महिन्यात कडाक्याचं भांडण झालं, आयुष्यात पहिल्यांदा. वहिनी मागून म्हणाली, “भांडा, भांडा, तेवढीच त्यांच्या जिभेला कसरत.” शनिवारी विहिरीवर आता तीच जाते.

परवा त्याला फोनवर बोटीचं इंजिन दाखवलं. त्याने बराच वेळ निरखून पाहिलं.

“फिरवलंस?”

“फिरवलं.”

“पेटवलं न्हाईस न्हवं?”

“न्हाई दादा. रान भिजवल्याशिवाय पेटवणार न्हाई.”

डॉक्टरांनी नवी वही घातली आहे. पहिल्या पानावर एकच ओळ आहे : “हँडल. ३० फेरे. पेटवलं नाही.” दिवाळीच्या सगळ्यांना मनापासून शुभेच्छा. फराळाला बोटीवर या. पण एक विनंती आहे, दहा मिनिटांसाठी येऊ नका.